हात लावायचा नाही

४ मार्च
ऑरिनला आज त्या स्मृतिभ्रंशवाल्यांच्या घरात सोडून आले. सोडून आले – दुसरा शब्दच सुचत नाही. जोलीन नावाची नर्स गोड बोलते. "थोडे दिवस भेटायला येऊ नका हं. तुम्ही दिसलात की ते घरी चला म्हणणार. रुळू द्या त्यांना." त्याने माझ्या कोटाची बाही घट्ट धरली होती. जोलीनने एकेक बोट सोडवलं.

५ मार्च
हॉलिस आला, ऑरिनचा मत्स्यालय क्लबातला दोस्त. पिशवीत समुद्रफूल. नावाला फूल, आहे प्राणी, आणि भारी नखरेल!
"हे ऑरिनचंच. त्याच्या मोठ्या फुलाची दुभंगून दोन झाली तेव्हा एक मला दिलं होतं. एकाचं गेलं तर दुसऱ्याने परत द्यायचं, अशी आमची रीत."
मोठं कसं गेलं ते तो बोलला नाही. माशांना पांढरे ठिपके आले म्हणून ऑरिनने टाकीत तांब्याचं औषध ओतलं! मासे जगले, फूल विरघळलं. तांबं म्हणजे फुलाला विष, त्यावरून अख्ख्या क्लबाला झापणारा माणूस हा! त्या दिवशी कळून चुकलं, आता हे घरी निभणार नाही. क्लबाने दगड, वाळू, पाणी सगळं बदलून दिलं.
मी म्हटलं, "मला ही सवत नको." लग्न झाल्यापासून संध्याकाळी तो टाकीपुढे आणि मी त्याच्या पाठीमागे.
हॉलिस हसला. "दिवा मंद ठेव. पंप जरा वेळ बंद. आणि लोर्ना, हात लावायचा नाही. जागा ते स्वतः शोधतं."

६ मार्च
रात्रीतून दगड सोडून काचेवर चढलं, पंपाच्या दिशेने. पात्यात गेलं तर चिंध्या! पंपाला स्पंज बांधला. फुलाच्या कुशीत राहणारी क्लाउनफिश माशांची जोडी अजून कोपऱ्यात हीटरला चिकटून झोपते. बिचारी.
जोलीनचा फोन: "दारं हलवून बघतात. सारखे फिरतात."

८ मार्च
केलीच चूक. ते सुटून पाण्यात लोळत होतं. राहवेना. हात घालून दगडावर दाबून धरलं. ते आकसून लिंबाएवढं झालं.
हॉलिस फोनवर ओरडला, "ते काय पोस्टाचं तिकीट आहे, थुंकी लावून चिकटवायला?" मग नरमला. "राहू दे आता. मेलं नाही."
नंतर बराच वेळ रडले. फुलासाठी नाही.

९ मार्च
गाडी काढली आणि तिथवर गेले. बाहेर उभी राहिले, आत गेले नाही. खिडकीतून दिसला, स्वेटर उलटा घातलेला. आत जाऊन सरळ करून द्यावासा वाटला. देवा, किती वाटला! तशीच परत आले. बर्फ पडत होता.

१२ मार्च
दगडाच्या खोबणीत पाय रोवलाय! बोटं फुगवून पसरलंय. झिंग्याचा बारीक तुकडा दिला, ओढून घेतला. "खा गं बाई," म्हटलं मी. मी! तिला!

१५ मार्च
मादी क्लाउनफिश आज त्यात शिरली. आधी बिचकत, मग अंग घुसळून. नर तिच्या मागे. मी टाळ्या वाजवल्या, एकटीच. ऑरिनच्या खुर्चीत बसून संध्याकाळभर बघत राहिले. त्याला काय दिसायचं इथे, ते आज जरासं कळलं. त्याच्या शेजारी बसून कळायला हवं होतं.
फोटो छापून आणला.

१७ मार्च
जोलीन: "आता दारापाशी जात नाहीत. पोटभर जेवतात. खिडकीजवळची खुर्ची त्यांनी आपली केलीय. उद्या या तुम्ही!"
निळा कोट इस्त्री केला. त्याला आवडतो. झोप कसली येतेय!

१८ मार्च
खरंच रुळलाय. गालांवर रंग आलाय. फोटो हातात देताच डोळे चमकले: "अरे, हे तर माझ्या टाकीतलं! कुणी जगवलं?"
मग उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि फार अदबीने विचारलं, "बाई, आपण इथे कुणाला भेटायला आलात?"