नदीपार पाठवलेली मुलं

४ नोव्हेंबर

ति. दादा,
सा. न. आम्ही सगळे धडधाकट. पुढच्या महिन्यात लढाईचा स्मृतिदिन, म्हणून स्मारकावर रंगरंगोटी चालू आहे. अडीचशे वर्षांपूर्वीची तीच लढाई सांगून सांगून तुझ्या गाइड बहिणीचा घसा बसलाय. एका दुपारीत राज्य गेलं हे ऐकून शाळेची मुलं जांभया देतात. पण हरणाऱ्या सेनापतीने ढोल वाजवणारी पोरं आधीच उतारावरून नदीपार पाठवली आणि सगळी वाचली, म्हटलं की टाळ्या. पाटीवर शेवटची ओळही तीच आहे.

घराचा पाया कुठवर आला? वहिनीने फरशी निवडली म्हणे. म्हणजे तुला विचारलं नसणार. लोकांचे दात उपटणाऱ्या हाताने दोन ओळी खरडाव्यात, एवढाच लोभ मागते.
तुझी धाकटी

९ नोव्हेंबर

चि. धाकटे,
अनेक आशीर्वाद. थट्टेचं उत्तर नंतर. काल पाया खणताना हाडं लागली. आपली जागा त्याच नदीच्या पलीकडे, त्या उतारासमोरच, हे तुला सांगायला नको. कंत्राटदार म्हणाला, एखादं जनावर असेल, काँक्रीट ओतून मोकळे होऊ. मी खड्ड्यात उतरलो. जबडे होते. जन्मभर लोकांच्या तोंडात बघतोय, इथे चुकणार नाही. सुळे नुकते फुटलेले, एकाची दुधाची दाढ अजून तशीच. बारा वर्षांच्या आतबाहेरची पोरं, एकावर एक टाकलेली. कवट्यांना मागून भोकं. शेजारी ढोलांच्या पितळी कड्या.

आज पेशंट परत पाठवले. तुझ्या ऑफिसला कळवलं तर ते जागा ताब्यात घेणार आणि घर गेलं, हे कळतं मला. तुझी वहिनी एवढंच विचारते, की यांच्यावर स्वयंपाकघर कसं बांधायचं. तुझं पत्र येईपर्यंत काम थांबवलंय. तू म्हणशील तसं करू.
दादा

१३ नोव्हेंबर

ति. दादा,
सा. न. पत्र तिकीटखिडकीपाशी उभ्याने वाचलं. इतकी वर्षं मी त्यांना रोज सुखरूप पोचवत होते.

कंत्राटदाराला घरी पाठव. स्मारकाच्या ऑफिसातल्या साहेबांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, स्मृतिदिन पार पडू दे. मी नाही म्हटलं आणि वरच्या ऑफिसला कळवून टाकलं. त्यांची माणसं घेऊन पुढच्या आठवड्यात पोचते. वहिनीला सांग, फरशी जपून ठेव, घर दुसरीकडे बांधू. मी तुमच्याबरोबर उभी राहीन.

आज पाटीपाशी एका मुलीने नेहमीचाच प्रश्न विचारला, ती पोरं मग घरी पोचली का. माझ्या तोंडून निघालं, अजून नाहीत.

मी येईपर्यंत त्यांच्यावर काहीतरी पांघरूण घाल. माझ्या वाट्याचा लोभ तोवर त्यांना दे.
धाकटी