कुणीच हात वर केला नाही

बुखारेस्ट,
१ ऑगस्ट

प्रिय सेवेर,

पत्रात आधी ख्यालीखुशाली विचारायची असं आईनं शिकवलं होतं, म्हणून विचारते. कसा आहेस? वेतुत्साचा गुडघा दुखायचा थांबला का? दुसरी गवतकापणी झाली का? तपकिरी गाय व्यायली असेल एव्हाना. मी ठीक आहे. इथे सदतीस अंश आहे आणि माझ्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत रस्त्यावरच्या डांबराचा वास येतो, पण तक्रार नाही. झालं. रीतभात संपली. आता भांडते.

आज तुझ्या अबोल्याला पंचेचाळीस दिवस झाले. सतरा जूनला संध्याकाळी तू फोनवर ओरडलास, "ताई, तू आईला विकलंस!" आणि माझं एक अक्षर न ऐकता फोन ठेवलास. त्यानंतर मी कितीदा तरी फोन केला. दोनदा वेतुत्सानं उचलला. "ते गोठ्यात आहेत," म्हणाली, आणि मागून मला तुझा खोकला ऐकू आला. एकोणसाठ वर्षांच्या बहिणीशी बायकोकरवी खोटं बोलतोस? आणि वर गावभर सांगत फिरतोस की स्मारांदा शहरात राहून खाणवाल्यांची झाली. मला सगळं कळतं हो. मेरिशोरमध्ये कुणी शिंकलं तरी मला इथे कळतं.

मी खाणवाल्यांची झालेली नाही. मी तुला जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे मला त्याच्याकडे परत यायचंय आणि अजून माझा धीर होत नाहीये. म्हणून ज्याच्यावर राग काढणं सोपं आहे त्याच्यापासून सुरुवात करते.

तुमचे खासदार, श्रीयुत फिलिमोन द्रागोएस्कू. मेमध्ये एका रविवारी ते तुमच्या चर्चच्या आवारात आले, तुझी घरी गाळलेली त्सुइका तीन पेले प्याले, मिशा पुसल्या, क्रुसावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंडळी, या विधेयकासाठी माझा हात वर जायचा नाही. गेला तर कोयत्यानं तोडा." त्या दिवशी तू मला किती खुशीत फोन केला होतास! "ताई, माणूस शब्दाचा वाटतो."

आहेच तो शब्दाचा. हात वर केलाच नाही त्यानं. कुणीच केला नाही!

बावीस वर्षं मी विधेयकांच्या मागे चालते आहे, हे तुला ठाऊक आहे. पण मी नेमकं काय करते हे तू कधी धड ऐकून घेतलं नाहीस. "ताई संसदेत कागद मोजते," एवढंच तू लोकांना सांगतोस. तर ऐक. मी संसदेत नाही, संसदेवर नजर ठेवणाऱ्या एका कचेरीत आहे. रोज सकाळी आठला मी एकेका विधेयकाचं पान उघडते आणि काल नव्हती अशी कुठली ओळ आज आली आहे ते बघते. कुठल्या समितीकडे गेलं, कुणी अभिप्राय दिला, बैठक कधी आहे. ते वहीत लिहिते आणि ज्यांनी आमच्याकडे वर्गणी भरली आहे त्यांना कळवते. आणि या कामात नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोटून शिकवते. आपल्या देशात पहिल्या सभागृहाला विधेयकावर मत द्यायला पंचेचाळीस दिवस असतात. त्या दिवसांत मतदान झालंच नाही, तर विधेयक मरत नाही. ते संमत झालं असं धरतात आणि दुसऱ्या सभागृहाकडे पाठवून देतात. हो म्हणायलाही कुणी लागत नाही. नुसतं मूग गिळून बसलं की काम होतं.

विधेयक क्रमांक २१७ दोन मेला दाखल झालं. मेरिशोरच्या मागची टेकडी कोळशासाठी राष्ट्रीय गरजेची जमीन ठरवायची. तिच्यावरच्या बागा, गवताची रानं आणि आई जिथे पुरली आहे ते कब्रस्तान तीन महिन्यांत हलवायचं. आणि सूचना म्हणून सरपंचाच्या कचेरीच्या दारावर एक कागद चिकटवला की पुरे. ज्या समितीकडे ते गेलं तिचा अध्यक्ष कोण? तोच तुमचा शब्दाचा माणूस. दहा मे, बैठक तहकूब, मंत्रालयाचा अभिप्राय आला नाही. सतरा मे, तहकूब, अभिप्राय आला पण छपाई पुसट आहे. चोवीस मे, पुरेसे सदस्य हजर नाहीत, अध्यक्ष स्वतः एका लग्नाला गेलेले. एकतीस मे, पुन्हा सदस्य नाहीत. सात जून, मायक्रोफोन बिघडला. सेवेर, सात माणसं एका टेबलाभोवती बसतात आणि त्यांना मायक्रोफोन लागतो! चौदा जूनला बैठक बोलावलीच नाही. सोळा जूनला मुदत संपली आणि सतराला सकाळी त्या पानावर एक ओळ उगवली: मुदत उलटल्यामुळे संमत.

आणि मग हा गृहस्थ तुमच्या चौकात येऊन काय म्हणाला? "मी मत दिलंच नाही!" आणि तुम्ही काय केलंत? त्याला पुन्हा त्सुइका पाजलीत. मला शिव्या आणि त्याला त्सुइका. हे मला कळलं त्या दिवशी मी हातातली बशी मोरीत इतक्या जोरात ठेवली की ती फुटली. आईची होती, निळ्या काठाची. तिच्यासाठी मी रडले, तुझ्यासाठी नाही.

बस. द्रागोएस्कू संपला. आता अकरा जून.

पितरांचा शनिवार होता. मी आदल्या रात्रीच्या गाडीनं आले होते, मातीचे बारा नवे मग घेऊन. आईच्या नावानं वाटायचे म्हणून आपण स्वयंपाकघरात बसून त्यांत चेरी भरत होतो. वेतुत्सा पितरांच्या प्रसादाच्या गव्हावर, कोलिवावर, साखर भुरभुरत होती, आणि गहू जास्त शिजला म्हणून तू तिला चिडवत होतास. मग तू विचारलंस. मला तुझे शब्द तसेच्या तसे आठवतात.

"ताई, मंगळवारी बस ठरवलीय. एक्केचाळीस जण. संसदेच्या दारात उभे राहतो म्हणतायत सगळे. पण गवत उभं आहे आणि बुधवारनंतर पाऊस सांगितलाय. काय चाललंय तुझ्या त्या दोनशे सतराचं?"

मी म्हणाले, "समितीत पडून आहे. कुणी हात लावत नाहीये."

शब्द न् शब्द खरा. बघ, आले मी त्या वाक्याकडे परत.

तू हसलास. "म्हणजे मेलं?"

मी मगमध्ये पाहिलं. मगमधली एक चेरी किडकी होती, ती काढली आणि दुसरी ठेवली.

"मेलं गं वेतुत्सा!" तू ओरडलास. "बसवाल्याला सांग, नको म्हणून. मंगळवारी गवत कापू!" आणि तू माझ्या खांद्यावर थाप मारलीस. "घरात एक तरी शिकलेलं माणूस असावं."

आता खरं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, आमचे साहेब, कोर्विन, माझ्या टेबलापाशी आले. "स्मारांदाबाई, दोनशे सतरावाले आपले ग्राहक आहेत. त्यांना रोज एकच आकडा हवाय, किती दिवस उरले तो. बाहेर एक अक्षर जाता कामा नये." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचं गाव तिकडचंच ना? मग तर जास्तच जपा."

पण शुक्रवारी त्यांनी मला फक्त आठवण करून दिली, सेवेर. तो आकडा मी आधीपासूनच पाठवत होते. मेच्या मध्यापासून. रोज सकाळी, खाणवाल्यांना. तीस. एकोणतीस. अठ्ठावीस. त्या शुक्रवारी मी सहा लिहून पाठवलं आणि संध्याकाळी ते मातीचे मग खरेदी करायला गेले. तुझ्यासमोर चेरी भरत होते तेव्हा माझ्या डोक्यात पाच होतं. तू "म्हणजे मेलं?" विचारलंस तेव्हाही पाच होतं. "नाही, जिवंत आहे, पाच दिवस उरलेत, बस रद्द करू नका," एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला श्वास तरी किती लागतो?

मंगळवारी तुम्ही एक्केचाळीस जण दारात उभे राहिला असतात तर समितीला बसावं लागलं असतं, आणि बुधवारी मतदान. विधेयक पडलं असतं की नाही ते देव जाणे, पण प्रत्येकाला आपला हात तरी दाखवावा लागला असता.

का बोलले नाही? तीन वर्षांत निवृत्ती आहे. गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? मी स्वतःला असंही सांगितलं की मधल्या काळात समिती बसेल. पण ते खोटं आहे, मला तसं एक क्षणही वाटलं नव्हतं. बावीस वर्षांत मी असे डाव इतके पाहिलेत की दुसऱ्या तहकुबीलाच मला कळलं होतं. मी भित्री आहे, सेवेर, एवढंच कारण आहे. तू मला 'विकणारी' म्हणालास म्हणून मी तुझ्यावर पंचेचाळीस दिवस धुमसत राहिले, कारण तो शब्द चुकीचा होता. मला कुणी काही देऊ केलं नव्हतं. मी फुकटात गप्प बसले. खरा शब्द तुझ्या शब्दापेक्षा वाईट आहे.

द्रागोएस्कूला मी वर इतकं झोडपलं. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्यानं मायक्रोफोनचं नाव सांगितलं आणि मी किडक्या चेरीचं.

आज सकाळी मी राजीनामा दिला. त्यात थोरपणा काही नाही, गवत कुजून गेल्यावर पाऊस थांबला तर त्याचं काय कौतुक? कोर्विन म्हणाले, "विचार करा." मी म्हणाले, "केला, उशिरा केला." मग वहीतली पानं घेऊन मी बाहेर पडले. या पत्रासोबत आहेत ती. सगळ्या तहकुबी आहेत, माझ्या अक्षरात, तारीखवार, आणि प्रत्येकीवर अध्यक्षाचं नाव. मी रोज पाठवलेले आकडेही आहेत. आता माझ्यावर खटला भरायचा तर भरू देत.

आता नीट वाच, कारण हे कामाचं आहे. अजून सगळं हातातून गेलेलं नाही. दुसऱ्या सभागृहात ही मुदतीची पळवाट नाही. तिथे शेवटचा निर्णय होतो आणि तो हात वर करूनच होतो. सहा सप्टेंबर, मंगळवार, सकाळी दहा वाजता विधेयक तिथल्या समितीपुढे आहे. आज सकाळी निघण्याआधी मी शेवटचं पान उघडलं ते हेच बघायला. बस ठरव. एक्केचाळीस पुरणार नाहीत, शेजारच्या गावांनाही सांग, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर त्यांचीही माणसं पुरलेली आहेत. गवताचं निमित्त सप्टेंबरात नाही.

आणि पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या सणाला, अख्खं गाव चर्चमध्ये येतं तेव्हा आवारात उभा राहून हे पत्र मोठ्यानं वाच. द्रागोएस्कूचा भाग वाचून थांबू नकोस. मला ठाऊक आहे तू थांबशील, बहीण आहे म्हणून. थांबायचं नाही. चेरीचा भाग पण वाच. शुक्रवारच्या सहाचा आकडा पण वाच. मगाशी तुझ्याशी भांडले ना, ते भाग गाळलेस तरी चालतील.

सहा तारखेला सकाळी आठपासून मी संसदेच्या फाटकापाशी असेन. मला ओळखणं सोपं आहे, एकटीच असेन. तुमची बस आली की आधी मला आत घेऊ नका. सगळ्यांना खाली उतरव आणि विचार, हिला आपल्यात उभं करायचं का? आणि हात वर करायला लाव, सेवेर, एकेकाला. वेतुत्सालाही आणि तुलाही. कमी पडले तर मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहीन आणि तिथूनच ओरडेन. पण गप्प राहू नका. तू बोलला नाहीस तर मी ती माफी धरणार नाही, आणि तू मला टाकलंस असंही धरणार नाही. या देशात काहीही असो, आपल्या घरात मुकेपणाचा अर्थ यापुढे कुणी लावायचा नाही.

मी मात्र आत्ताच हात वर केला आहे. मोज.

तुझ्यासमोर बसून पाच दिवस गिळलेली,
तुझी ताई
स्मारांदा