भिंतीलगतची टोमॅटोची रोपं

३ एप्रिल
यंदा उशीर झालाच. टोमॅटोचं बी आज अंगणात ट्रेमध्ये टाकलं. एवढ्या उन्हाळ्यात बाहेर रोपं धरत नाहीत म्हणतात, पण घरात जागा कुठे आहे? शेजारच्या सुतारभाऊंचा कारखाना आणि आमचं घर यांत एकच भिंत. तिच्या सावलीत काही ट्रे टेकवले, बाकीचे पुढे. वर जुनी पांढरी ओढणी ताणून बांधली.
ह्यांचं आपलं — "बाजारातले टोमॅटो संपले का?"

७ एप्रिल
भिंतीजवळचं बी वर आलं! पुढचे ट्रे अजून ढिम्म.

९ एप्रिल
भिंतीजवळची रोपं नुसती लांबुडकी होत चाललीत. ऊन यायच्या आत पाणी घालायला गेले, हात भिंतीला लागला. कोमट. कालची तापलेली असेल — पण ही तर सावलीची बाजू.

१२ एप्रिल
तीच भिंत पुढे सासऱ्यांच्या खोलीतून जाते. खाट तिलाच लावलेली. आज चहा द्यायला गेले तर पाठ टेकून बसलेले. म्हणाले, "सूनबाई, भिंत झकास आहे. पाठ शेकून निघते. तुझ्या नवऱ्याला जन्मात जमलं नाही ते हिने केलं."
मला हसू आलं. मग तिथे हात लावून पाहिला.

१४ एप्रिल
आधी उगवलेली रोपं आडवी झाली. पाणी कमी पडलं म्हणावं, तर वरची माती ओली. ट्रे उलटा केला — खालची माती भाजल्यासारखी, चुरचुरीत. भिंतीशी वाकलं की आंबूस, ओल्या लाकडासारखा वास येतो. ह्यांना येत नाही म्हणे.

१५ एप्रिल
सुतारभाऊंकडे गेले. भिंतीच्या त्या अंगाला भुसा थेट पत्र्यापर्यंत. "नेणारा टेम्पोवाला फिरकलाच नाही, वहिनी. त्यात वरची टाकी झिरपते. ओला भुसा उबतोच."
"एकदा उपसून तर बघा."
"हा डोंगर मी एकटा उपसू? बायको पण माहेरी गेलीय." हसले आणि रंधा मारायला लागले.

१६ एप्रिल
उरलेले ट्रे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेले. सासऱ्यांची खाट पुढच्या खोलीत ओढली. हे भडकले. "चार रोपं मेली म्हणून माझ्या बापाला हलवतेस?" सासरे उशी स्वतः उचलून चालू लागले.
आमच्यात अबोला.

१८ एप्रिल
खोलीतल्या भिंतीच्या रंगाला फोड आलेत. हात टेकवत नाही.
पुन्हा गेले. या वेळी गोड बोलले नाही. "घरात म्हातारं माणूस आहे. ढीग उपसा, नाहीतर मी तक्रार करते." सुतारभाऊंनी पेन्सिल कानावर खोचली, माझ्याकडे बघत राहिले. "बरं वहिनी. सकाळी फावडं लावतो."
हायसं वाटलं.

१९ एप्रिल
सकाळी फावड्याचा आवाज आला तेव्हा मी रोपांना पाणी घालत होते. बरं वाटलं, खरं सांगायचं तर. मग मोठं कापड टर्रकन फाटावं तसा आवाज, आणि पत्र्याखालून जाळ. सासऱ्यांना धरून रस्त्यावर आणलं. ह्यांनी आणि समोरच्या वेल्डरने मिळून सुतारभाऊंना बाहेर ओढलं. मी त्यांच्याकडे नीट बघू शकले नाही.
खोलीची भिंत खाटेच्या जागेवरच कोसळली.
अग्निशमनवाला ह्यांना सांगत होता, "आत धुमसत असताना ढीग फोडायचा नसतो. वारा मिळाला की संपलं. आम्हाला बोलवायला हवं होतं."
सुतारभाऊंना दवाखान्यात पोहोचवून घरी आल्यावर हे आपणहून बोलले. "तुझ्यामुळे बाबा वाचले." मी ताट तसंच ठेवून उठले.

२१ एप्रिल
सासरे म्हणाले, रोपांना पाणी घाल. घातलं.

२२ एप्रिल
सुतारभाऊ गेले.
त्यांची बायको आमच्या पायरीवर बसून एकच विचारत होती — "एवढा ढीग एकट्याने उपसायला कुणी सांगितलं त्यांना?"
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काही कल्पना नाही, ताई."