टाकी रिकामी आहे

३ मार्च
गाडी घेतली. सेकंडहँड कॅम्पर व्हॅन. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास. चाकांवरचा संसार. सासऱ्यांची धाकटी बहीण, म्हणजे बायकोची आत्या, समुद्राकाठी राहते. तिच्या गुडघ्यांमुळे तिला येता येत नाही, आणि सासऱ्यांना दर तासाला ‘जाऊन यावं’ लागतं म्हणून बसने जाता येत नाही. भावाबहिणीची वर्षानुवर्षं गाठ नाही. आता मी घालून देणार.
बायको म्हणाली, हे एक काम बरं केलंत. तिच्या तोंडून असं वाक्य! तारखेसकट नोंदवून ठेवतोय.

४ मार्च
विकणाऱ्याने सगळं समजावून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मला माहीत होतं. बेसिनचं पाणी एका टाकीत, संडासाचं दुसऱ्या. दुसरीच्या पाइपला आधी व्हॉल्व्ह, मग टोकाला झाकण. टाकी भरली की आत लाल दिवा लागतो.
दिवा लाल आहे.
पण आम्ही संडास अजून वापरलेलाच नाही. म्हणजे दिवा बिघडलाय. साधं लॉजिक.

५ मार्च
बायकोची शंका: आधीच्या मालकाने टाकी रिकामी केली नसेल. माणसांवर इतका अविश्वास बरा नाही. असली वस्तू कोणी मागे ठेवून जातं का?
सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, एकदा उघडून बघायचं का? म्हटलं, बाबा, निदान झाल्यावर पोट फाडत नाहीत.

६ मार्च
दिव्याची वायर कापली. लाल दिवा बंद. समस्या मुळापासून गेली.
बायको म्हणाली, उद्या वाईट बातमी आली तर पोस्टमनला बांधून घालाल. टेक्निकल विषयात भावना आणायची तिची जुनी सवय.

८ मार्च
गाडीत वास येतो म्हणे. मला येत नाही. (मला सर्दी आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.) उदबत्ती लावू का विचारलं, तर बायको दार आपटून गेली.

९ मार्च, सकाळ
आज मेंटेनन्स. व्हॉल्व्हचा दांडा जाम. शिलाई मशीनचं तेल सोडलं, एक पाय चाकाला लावला आणि ओढला. थोडा सरकला. आणखी ओढला. दांडा हातात आला. सगळाच.

दुपार
शांतपणे विचार केला. दांडाच नाही म्हटल्यावर व्हॉल्व्ह चुकून कोणी उघडणार कसा? कायमचा बंद. सेफ्टीच्या दृष्टीने ही सुधारणाच झाली. घरात जाहीर केलं की व्हॉल्व्ह पक्का केलाय. बायको म्हणाली, प्लंबरला बोलवा. तिला सांगितलं, प्लंबर घरांचे असतात.
दांडा पलंगाखाली सरकवला.

११ मार्च
निघालो! सासरे पहाटेच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. वाटेत बायकोला दोनदा विचारलं, ती मला ओळखेल ना गं? बायकोने त्यांची कॉलर सारखी केली. बरं वाटलं बघून. हे सगळं माझ्यामुळे.

त्याच दिवशी, दुपार
संडासातलं पाणी खाली जात नाही. वर येतं. गुडगुड आवाजही करतं. घाटामुळे हवेचा दाब बदलतो, त्याचा परिणाम. तात्पुरता नियम केला: संडास फक्त इमर्जन्सीत वापरायचा. सासरे म्हणाले, माझ्या वयात दुसरं काही उरलेलंच नाही.
मग पेट्रोल पंप ते पेट्रोल पंप असा प्रवास. एका पंपावर सासऱ्यांना तिथल्या संडासाची किल्ली मिळेपर्यंत उशीर झाला. इस्त्रीची पँट बदलावी लागली. नंतर ते मागच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.
बायको सगळा वेळ खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली होती. तिला निसर्गाची आवड आहे.

१२ मार्च
आज पोचायचं होतं. नाही पोचलो. कॅम्पिंगच्या मैदानावर मुक्काम. आत्यांचा फोन आला, दादा कुठपर्यंत आलाय? सासऱ्यांनी फोन माझ्याकडे दिला. सांगितलं, किरकोळ तांत्रिक थांबा.
बायकोने अल्टिमेटम दिलं: सकाळी टाकी रिकामी करा, नाहीतर मी बाबांना घेऊन टॅक्सीने निघते. म्हटलं, आधीच रिकामी आहे. उद्या सगळ्यांसमोर सिद्ध करतो.

१३ मार्च, सकाळ
मैदानाच्या कोपऱ्यात टाक्या रिकाम्या करायची जागा आहे. सिमेंटचा ओटा, मधे भोक. मागे गाड्यांची रांग. म्हणजे साक्षीदार भरपूर. एका टोपीवाल्याने विचारलं, हातमोजे नाहीत? नळी नाही जोडणार? त्याला म्हटलं, टाकी रिकामी आहे, ही फक्त पाहणी.
बायकोला नीट दिसावं म्हणून बाजूला न बसता झाकणासमोरच उकिडवा बसतो. आता उघडतो.

दुपार
व्हॉल्व्ह उघडा होता. निखळण्याआधी दांड्याने आपलं काम चोख केलं होतं. म्हणजे नऊ तारखेचा मेंटेनन्स शंभर टक्के यशस्वी. टाकी भरलेली होती, म्हणजे दिवाही बरोबर होता. थोडक्यात, गाडीत एकही वस्तू बिघडलेली नव्हती. चांगली खरेदी.
बाकी तपशील लिहीत नाही. तोंड मिटलेलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच. टोपीवाल्याने लांबूनच माझ्यावर पाण्याचा होज धरला. त्याची बायको डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघत होती. सासऱ्यांनी वाकून पाइपात पाहिलं. म्हणाले, आता रिकामी आहे.
बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. माझ्यापुढे बादली ठेवली, वडिलांची बॅग उचलली आणि टॅक्सीत बसली.

१४ मार्च
पाच वेळा आंघोळ. कपडे टाकून दिले. मैदानाच्या मॅनेजरने गाडी पार टोकाला, झाडांखाली लावायला सांगितली. स्पेशल जागा.
बायकोचा फोन. भावाबहिणीची भेट झाली. आत्यांनी दारातच मिठी मारली, दोघं रडली. मीही थोडा गहिवरलो. विचारलं, माझं नाव निघालं का? म्हणाली, सारखं निघतंय. मग म्हणाली, तुम्ही या. गाडी नको.

१५ मार्च
बसने आलो. खच्चून गर्दी, तरी माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. ऐसपैस प्रवास झाला. लोकांमध्ये अजून सौजन्य आहे.
आत्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि मला अंगणात, मोकळ्या हवेत, स्वतंत्र खुर्ची दिली. चहाही बायकोने इथेच आणून दिला. बाकी सगळे आत आहेत. दोघा म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज इथवर येतोय. मधेच आत्यांना ठसका लागतो, बायको पाणी देते, की पुन्हा सुरू. इतक्या वर्षांनी भेटलीत, लहानपणीच्या आठवणी निघाल्या असणार.