न वाजलेल्या टाळ्या

तर नाना, शेवटी गावातले लोक माझ्याकडेच आले. दुसरं कोण सापडणार होतं त्यांना? प्रेसिडेंटसाहेबांचा सत्कार ठरलाय. सत्कार म्हटला की गौरव अंक आला, आणि गौरव अंकात ‘नळाचा ऐतिहासिक दिवस’ लिहायला त्या दिवशी तिथं हजर असलेला कुणीतरी हवा. शिवाय मी तुमचा मुलगा, आणि आता धुळ्याला राहून मुंबईच्या पेपरला बातम्या पाठवतो, म्हणजे माणूस शोभेचा. ‘गावातल्या पहिल्या साप्ताहिकाच्या कैलासवासी संपादकांचे चिरंजीव’ असं म्हणाले मला. ‘कैलासवासी’ म्हणताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. ह्यांनीच तुमचा अंक हातात घेणं बंद केलं होतं. आता तुम्ही गेलात, तुमचा अंक निघत नाही, कुणाचं काही बिघडवत नाही, म्हणून तुम्ही थोर. मी हो म्हटलं. म्हटलं, लिहितो. खरं तेच लिहितो, छापा म्हणावं. आणि आज धुळ्याच्या ह्या खोलीत कागद पुढे घेऊन बसलोय, तर त्यांच्यासाठी एक ओळ सुचत नाही आणि तुमच्याशी मात्र बोलत सुटलोय.

हा प्रेसिडेंट म्हणजे काय चीज आहे हे तुम्हाला मी काय सांगू? सत्तेचाळीसच्या आधी कलेक्टरची मोटार नाक्यावर आली की सगळ्यात जाड हार ह्याच्या हातात. कलेक्टर गेला, तर हा खादी घालून म्युनिसिपालटीच्या खुर्चीत. हार तोच, फक्त आता गळा ह्याचा. पण एक मानायला पाहिजे, पेपर म्हणजे काय हे त्याला तुमच्याइतकंच कळत होतं. कधी धमकी दिली नाही, कधी ‘हे छापा’ म्हणाला नाही. नुसता यावलकडच्या मळ्यातला केळीचा घड आपल्या दारात यायचा. आई म्हणायची, ‘ठेवू कुठं हे आता?’ आणि सुट्टीत भुसावळहून घरी आलेला मी, मामाकडे राहून रेल्वेच्या इंग्रजी शाळेत शिकलेला, प्रेस आणि पब्लिक ओपिनियनवर वर्गात निबंध लिहून शाबासकी मिळवलेला मी, दुधात कुस्करून ती केळी खायचो आणि तुम्हाला पत्रकारिता शिकवायचो. तुम्ही हसायचात. तेव्हा मला त्या हसण्याचा राग यायचा.

आपला छापखाना मला अजून जसाच्या तसा दिसतो. उजेड कमी, शाईचा वास, आणि भिंतीला लागून शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या पेट्या. पान छापून झालं की खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, हा नियम. पण एक ओळ कधी सुटली नाही. ‘अध्यक्षमहाशयांचे भाषण टाळ्यांच्या प्रचंड गजरात संपले.’ ती सुतळीनं बांधून कोपऱ्यात तयार ठेवलेली असायची. शाळेचं उद्घाटन असो, गटाराचं असो, कुणाची शोकसभा असो, सुतळीची गाठ तशीच, ओळ उचलायची आणि पानात बसवायची. इतकी वापरली की तिचा छाप बाकीच्या मजकुरापेक्षा फिका यायचा. मी विचारलं होतं तुम्हाला, हे खोटं नाही का? तुम्ही म्हणालात, ‘अरे, लग्नपत्रिकेत सहकुटुंब सहपरिवार या म्हणून छापतात, म्हणून कोणी सगळा परिवार घेऊन जेवायला जातं का? लोकांना कळतं काय खरं धरायचं ते.’ किती विश्वास होता तुमचा लोकांवर! मला तेव्हा तो तुमचा आळस वाटला होता. आता वाटतं, आळस परवडला असता.

नळाचं उद्घाटन प्रेसिडेंटनं ठेवलं बाजाराच्या दिवशी सकाळी. मुद्दाम ठेवलं. आपला अंक बाजाराच्या दिवशीच निघायचा, खेड्यांवरून आलेली माणसं गाठोड्यात बांधून घरी न्यायची, मोटारीनं जळगावला नि धुळ्याला जायचा. म्हणजे अंक आदल्या दिवशी छापून तयार पाहिजे, आणि कार्यक्रम तर दुसऱ्या दिवशी. तुम्ही नेहमीसारखी बातमी आधीच जुळवलीत. नळाला स्वच्छ पाणी आलं, मायभगिनींच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले, आणि शेवटी ती सुतळीची ओळ. तुम्ही अंक वाटायला बाजारात गेलात आणि मी वही-पेन्सिल घेऊन नव्या टाकीखाली जाऊन उभा राहिलो. स्वतःला प्रतिनिधी समजत होतो मी. माझ्या शेजारी आपला सलूनवाला उभा होता, घरी येऊन तुमची दाढी करायचा तोच.

नळाला झेंडूचा हार होता. प्रेसिडेंटनं तोटी फिरवली. आधी नुसती हवा आली. मग नळ माणसासारखा खाकरला, ओंजळभर लालभडक पाणी पडलं, आणि संपलं. त्यानं तोटी पुरती फिरवली, उलटी फिरवली. सलूनवाला माझ्या कानाशी म्हणाला, ‘भाऊ, हाई नळ शे का हुक्का? नुस्ता गुडगुड करस!’ मी हसू दाबलं. बाकी कोणी हसलंसुद्धा नाही. हंडे घेऊन आलेल्या बायका नळाकडे बघत उभ्या. आणि हा गृहस्थ त्या कोरड्या नळाशेजारी उभा राहून म्हणतो, ‘ही स्वराज्याची गंगा आपल्या दारी आली आहे!’ बराच वेळ बोलला. मधेच एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘चाल वं माय, विहीरवर जाऊत,’ आणि तिच्यामागे बायका एकेक करून निघाल्या. भाषण संपलं तेव्हा रिकाम्या हंड्यांचा आवाज लांब जात होता, तेवढाच. मी वहीत लिहिलं, ‘टाळी नाही.’

मी धावत बाजारात आलो. तुमच्या हातात शेवटचे काही अंक राहिले होते, आणि जळगावची मोटार गेली होती. मी भर बाजारात ओरडलो तुमच्यावर, ‘नाना, सगळं खोटं छापलंय! करेक्शन टाका!’ तुम्ही मला बाजूला ओढलंत. ‘तुझं इंग्रजी शाळेतलं ज्ञान इथं पाजळू नकोस. गाव काय आंधळं आहे? नळ कोरडा आहे ते त्यांना दिसत नाही? पेपर वाचतील, हसतील नि सोडून देतील.’ दोन दिवस आईनं आपल्याला वेगवेगळं वाढलं.

आणि मग ती दाढी. ओसरीत तुम्ही बसला होतात, अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस, आणि सलूनवाला वस्तरा चालवता चालवता म्हणाला, ‘काय सभा झाई नाना! टाळ्यास्ना नुस्ता कडकडाट!’

मी आतून बाहेर आलो. ‘तू तर हुक्का म्हणालास! माझ्या कानात!’

‘ते न्यारं शे भाऊ,’ तो शांतपणे म्हणाला. ‘पन टाळ्या वाजाडी वाजाडी मना हात लाल व्हई गयथात. मना जळगावना साडूनं बी पेपरमा वाचेल शे!’

तो चेष्टा करत नव्हता, नाना. तुम्ही त्याचं तोंड बघत होतात आणि मी तुमचं. त्याला खरंच आठवत होतं. तुम्ही त्याचा हात धरून वस्तरा थांबवलात, तशाच अर्ध्या फेसात मला विचारलंत, ‘मी नव्हतो तिथं. तू होतास. झाल्या होत्या की नव्हत्या?’

‘नव्हत्या. एकही नाही.’

‘नक्की?’

‘नक्की, नाना.’

त्याच दिवशी छापखान्यात तुम्ही त्या ओळीची सुतळी सोडलीत आणि एकेक खिळा त्याच्या खणात टाकलात. मला वाटलं, जिंकलो! पुढच्या अंकात पहिल्याच पानावर चौकट आली. ‘गेल्या अंकातील वृत्त कार्यक्रमाआधीच जुळवले होते. नळाला पाणी आले नाही. टाळ्या झाल्या नाहीत.’ मी तुम्हाला म्हटलं, आता बघा, पब्लिक ओपिनियन कसं उसळतं ते. उसळलं की! बाजारातून माणसं थेट छापखान्यात आली. मला वाटलं, अभिनंदनाला आली. पुढे सलूनवाला, मागे आपल्याच गल्लीतले लोक. ‘पानी उनं नही ते खरं शे, नाना. पन आमन्या टाळ्या काबर काढी लिध्यात? आम्ही काय मुका व्हतूत का?’ दुसरा म्हणाला, ‘बठ्ठा गावनी लाज घालवी तुम्हीन!’ नळ कोरडा ठेवला त्याच्यावर कोणाचा राग नव्हता. जळगाव-धुळ्याच्या पाहुण्यांनी वाचलं होतं की आपल्या गावात गजर झाला, तो गजर तुम्ही हिसकावून घेतलात म्हणून राग. हे आपलं लोकमत! विहिरीवरून हंडे वाहून आणायचे आणि न वाजवलेल्या टाळ्यांसाठी भांडायचं. ह्याच लोकांसाठी मी भुसावळच्या वर्गात निबंध लिहिले होते, आजही मला त्यांची किळस येते.

मग प्रेसिडेंटची स्वारी स्वतः आली. संध्याकाळी, हसत, मागे गड्याच्या खांद्यावर केळीचा घड. ‘नाना, मी रागावलोच नाही. मी कोण? मी लोकमताचा चाकर. लोकांचं मन दुखावलं, एवढंच वाईट वाटतं.’ तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. म्हणालात, ‘घड परत न्या साहेब. नळाला टांगा. हाराला सोबत होईल.’ तुमचं तेवढं एक वाक्य मी आजपर्यंत किती जणांना सांगितलं असेल! पण तो हसतच गेला. त्याला कुठं काय करावं लागलं? त्याच्या पुतण्यानं साप्ताहिक काढलं, म्युनिसिपालटीच्या जाहिराती तिकडे गेल्या, आणि लोक तुमचा अंक बघून नुसते पुढे जायला लागले. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. सलूनवाला दाढीला येत राहिला, ‘रामराम नाना’ म्हणत राहिला. फक्त अंक घेईना. पावसाळ्यानंतर आपलं यंत्र थांबलं ते थांबलंच.

तुम्ही मला कधी बोल लावला नाही. पण त्या थंडीत तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा एकदा आई चुलीपाशी होती, मी तुम्हाला पेज भरवत होतो, आणि तुम्ही चमचा बाजूला सारून विचारलंत, ‘एकही नाही ना रे?’ मी म्हटलं, ‘एकही नाही.’ तुम्ही मान हलवलीत आणि उरलेली पेज प्यायलात. गावातल्या सगळ्यांचं म्हणणं एका बाजूला आणि माझा एकट्याचा शब्द दुसऱ्या बाजूला. तुम्ही माझ्या शब्दावर छापलंत, आणि त्यावरच तुमचा छापखाना गेला.

म्हणून आज मला हे ठणकावून लिहायचं होतं. त्या गौरव अंकात, त्या माणसाच्या फोटोशेजारी, मोठ्या खिळ्यांत, टाळ्या झाल्या नाहीत. लिहिलंसुद्धा. मग म्हटलं, नुसतं एवढं नको, तो क्षण उभा करू. ती वही केव्हाच कुठंतरी गेली, पण मी होतो ना तिथं! डोळे मिटले. झेंडूचा हार दिसला, लाल पाणी दिसलं, तो हुक्का ऐकू आला, म्हातारी ऐकू आली. भाषण संपलं. आणि नाना, खरं सांगतो, हे त्यांना पाठवणार नाही आणि तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही म्हणून सांगतो, टाळ्या ऐकू आल्या. आधी डावीकडून, मग सगळीकडून. मी चिडून उठलो, पाणी प्यायलो, पुन्हा बसलो, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तेच. इतकी वर्षं सगळ्या गावाकडून ऐकत आलोय, त्यांची आठवण माझ्या डोक्यात शिरली असणार, दुसरं काय? मी मुळीच मानत नाही. पण आज कोणी समोर बसून ‘नक्की?’ म्हणून विचारलं, तर त्या दिवशीसारखं ‘नक्की’ माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही तर तिथं नव्हतात, तुमच्याकडे माझ्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं, तरी तुम्ही माझं ऐकलंत. आता तुम्हीच सांगा नाना, तुम्हाला काय वाटतं, झाल्या होत्या का टाळ्या?