बाबाच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज

बाबा, आज दिवसभर तुझा आवाज शोधला आणि तो सापडला नाही. आपल्याच गावात, आपल्याच तलावाच्या पाळीवर, जिथून आंबागडचा डोंगर दिसतो तिथं बसून शोधला. तू जाऊन बारा वर्षं झाली. तुझ्या बोटांच्या भेगा आठवतात, जाळं विणताना दातात धरलेला दोरा आठवतो, पावसात भिजलेल्या बंडीचा वास आठवतो. आवाज तेवढा कोरा. तुझ्याशी बोलताना मी जन्मात कधी 'तुला' म्हटलं नाही, 'तुले'च म्हटलं. पण कागद समोर आला की हात शाळेत घोटवलेलंच लिहितो. चालवून घे. तू माझं सगळंच चालवून घेतलंस, आणि आज मला त्याचाच राग येऊन राहिला आहे.

पिक्चर करते आहे. या वेळी आपल्या बोलीतला. हसू नको. आपल्या झाडीपट्टीतली पोरं आता कॅमेरे घेऊन फिरतात, मोबाईलवर पिक्चर सोडतात, गावोगाव मंडप टाकून दाखवतात, आणि लोक बघतातही. त्यांनीच मला रायपूरहून बोलावलं. म्हणे, बाई, तुम्ही इतकी वर्षं छत्तीसगढीत पिक्चर केले, आता आपल्या मातीत एक करा. मी आले. तिकडे मी मरेपर्यंत महाराष्ट्रवाली, इकडे आले तर रायपूरवाली मॅडम. चहा देणारी बाईसुद्धा माझ्याशी हिंदीत बोलते. मी 'मले साखर कमी' म्हटलं तर ती अशी पाहते, की ही बाई आमची नक्कल कायले करून राहिली.

पहिलाच सीन आहे. मासे धरणारा एक ढिवर डोंग्यात उभा राहून पलीकडच्या पाळीवरच्या जोडीदाराला हाक मारतो. तू मारायचास तशी. नट झाडीपट्टीच्या नाटकातला आहे, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. तो असा गरजला की शिंगाड्याच्या वेलातले बगळे उडाले. मी म्हटलं, असं नाही हो. तो म्हणाला, "मंग कसं मॅडम? तुमीच एकडाव मारून दाखवा ना." माणूस सरळ मनाचा, मला अडवायला म्हणाला नव्हता. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघालं माहीत आहे? रायपूरच्या बाजारात रिक्षावाल्याला मारतात तसली हाक. कॅमेरावाला उगाच लेन्स पुसत बसला. मी म्हटलं, जेवायला सोडा सगळ्यांना.

तुला आठवतं, लग्न करून मी रायपूरला गेले तेव्हा तुझ्या जावयाचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर, वरती पंखा. मी त्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या हळदी आणि वराती कापायला शिकले. पुढे तिकडे पिक्चरचं पेव फुटलं आणि कापणारे हात कमी पडले, म्हणून मला एडिटिंगला घेतलं. मी एक वाक्य बोलले की स्टुडिओतले टेक्निशियन ते माझ्या आवाजात म्हणून दाखवत. "मराठिन आ गई." वाईट नव्हते ते लोक, डबा उघडला की पहिला घास मला देत. पण मला ती चेष्टा सुईसारखी टोचे. मग मी त्यांची बोली अशी पाठ केली की लोक विचारू लागले, दुर्गची आहेस का? त्या दिवशी मी घरी जाऊन खीर केली, बाबा. कोणी मला आपल्या गावची समजलं नाही म्हणून खीर!

आणि मग मी स्वतः दिग्दर्शन केलेला पहिला पिक्चर. त्यात तलावाचा सीन होता. मी निर्मात्याला म्हटलं, आमच्या गावी चला, तलाव माझ्या बापाचा आहे. तलाव तुझा कुठला, मच्छीमार सोसायटीचा. पण तुझाच होता. म्हाताऱ्या कोळ्याचं काम तुलाच द्यायचं हे मी रायपूरहूनच ठरवून आले होते. तीन वाक्यं. घर सोडून निघालेली पोरगी पाण्यात उतरते आणि तो तिला म्हणतो, "तैं कहाँ जाथस नोनी? पानी जुड़ हे. लहुट जा." कुठे चाललीस पोरी, पाणी थंड आहे, मागे फिर. मी म्हटलं, बाबा, तू आपल्या बोलीत बोललास तरी चालेल, पुढे पाहू. तर तू रागावलास. "काहून? तुले येते, मले येनार नाही? सांग, कसं म्हनू." आठ दिवस तू शिंगाड्याच्या वेलातून डोंगा फिरवत तीच तीन वाक्यं पुटपुटत होतास. मायनं मला बोलावून दाखवलं. "पाय वो, तुहा बाप येडा झाला. मासोळ्याईसंगं बोलते."

शूटिंगच्या दिवशी तू कमरेइतक्या पाण्यात, हातात जाळ्याची दोरी. मी पाळीवरून ओरडले, "बाबा, जोरात बोल." तू बोललास ते हळू, शांतपणे. मी पुन्हा ओरडले. तू पुन्हा हळूच. मग तू काठावर येऊन मला बाजूला घेतलंस आणि सगळ्या युनिटसमोर मला लाज नको म्हणून अगदी कानाशी म्हणालास, "बाई, जाळं पान्यात हाये. जाळं पान्यात असताना कोनी ओरडते का? मासोळी आयकते." लहानपणापासून तू मला हेच सांगत आलास. जाळं पाण्यात असलं की आपण डोंग्यात श्वाससुद्धा जपून घ्यायचो. जाळं वर आलं, मासोळी टोपल्यात पडली, की मग तू मान मागे टाकून पलीकडच्या पाळीला हाक मारायचास. मी म्हटलं, अरे बाबा, हे खोटं जाळं आहे, रिकामं आहे. तू म्हणालास, "जाळं खोटं असन. पानी तं खरं हाये ना." आणि तिसऱ्यांदाही हळूच बोललास. फक्त त्या वेळी 'नोनी'च्या जागी तोंडातून 'पोरी' निघालं. तू माझ्याकडे पाहून जीभ चावलीस.

तुला हे कधी नीट समजावलं नाही, म्हणून आता सांगते. त्या काळी आमच्याकडे जागेवर भरलेला आवाज फक्त ओठ जुळवायला वापरत. त्याला पायलट म्हणायचे. नंतर स्टुडिओत नटाला माईकपुढे उभं करून सगळं पुन्हा बोलवून घ्यायचं, ते डबिंग. नट नसला की दुसरा कोणी बोलतो. आणि पिक्चर झाला की पायलट पुसून हार्ड डिस्क पुढच्या कामाला मोकळी करायची. तुझी तीन वाक्यं रायपूरच्या एका आवाजवाल्यानं बोलली. तो राजे आणि देव बोलायचा. भरदार गळा.

तू तुमसर रोड स्टेशनवर गाडी धरून एकटा रायपूरला आलास, पहिल्या दिवशीचा पहिला खेळ पाहायला. पिशवीत उकडलेले शिंगाडे, आणि वाळवलेले झिंगे फडक्यात असे बांधलेले की डब्यातल्या सगळ्यांनी तुला शिव्या घातल्या असतील. धुतलेलं धोतर नेसून टॉकीजमध्ये माझ्या शेजारी बसलास. तुझा चेहरा पडद्यावर आला, एवढा मोठा, आणि तू खुर्चीच्या कडेला सरकलास. मग तुझं तोंड हललं आणि त्यातून देव बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू नाही वाजवल्यास, मी तिरप्या नजरेनं पाहत होते. बाहेर आल्यावर उन्हात उभा राहून तू बराच वेळ बिडी शोधलीस. म्हणालास, "चेहरा तं माहाच होता, बाई." मग म्हणालास, "बोलून कोन राहिला होता?"

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तलावावर वारा होता ना. तुझा आवाज खराब भरला. काही उपायच नव्हता." तू मान हलवलीस. "हव. मी हळू बोललो ना. माहीच चुकी हाये. तू सांगत होती जोरात बोल, मीच आयकलो नाही." आणि मला धीर द्यायला पाठीवर हात ठेवलास. तू! मला!

त्यानंतर तू फोनवर ओरडायला लागलास. शेजाऱ्याच्या फोनवरून बोलायचास तरी ओरडूनच; तुला वाटे, फोनमध्येही तुझा आवाज खराब भरतो. मी फोन कानापासून हातभर लांब धरायची. स्टुडिओतले हसायचे, म्हणायचे, दीदी के बाबूजी को फोन की क्या ज़रूरत है. शेवटचा फोन आला तेव्हा मी एका गाण्याचं काम करत होते. तू ओरडून विचारलंस, "आता आवाज बराबर येऊन राहिला का वो?" मी म्हटलं, "बाबा, हळू बोल ना, मी कामात आहे, मी करते नंतर." केला नाही. चार दिवसांनी गावचा निरोप आला, तो तुझ्या जावयानं घेतला.

तर आज जेवण झाल्यावर मी तुझ्या जोडीदाराकडे गेले. पलीकडच्या पाळीवरचा काका, ज्याला तू हाका मारायचास. माय तर तुझ्या मागोमाग वर्षभरात गेली, आता तुझा आवाज रोज ऐकलेला तोच एक उरला. डोळे गेलेत, पण बुद्धी जागेवर आहे. मला ओळखलं, गालावरून हात फिरवला. मी म्हटलं, "काका, बाबा तुमाले पाळीवरून हाका मारे ना, तशी एकडाव मारून दाखवा." तो म्हणाला, "तुह्या बापाचा आवाज? तो काय इसरीन मी?" मी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं. काकानं बसल्या जागी छाती फुगवली, मान मागे टाकली, आणि भरदार आवाजात म्हणाला, "तैं कहाँ जाथस नोनी? पानी जुड़ हे!"

मला वाटलं, चेष्टा करतो आहे. मी म्हटलं, "काका, हा नाही. हा पिक्चरमधला. बाबाचा खरा." तो रागावला. "खराच तं हाये! आमच्या घरी मोबाईलमंदी हाये ना तो सीन, सून लावते, गावातले सारे लावतेत. अस्साच होता तुह्या बापाचा आवाज. भारी गळा होता, बाप्पा, देवावानी. तूच तं भरून ठेवला, तू बरं केलं माय." मी मोबाईल बंद केला. त्याच्या पाया पडले. बाहेर अंगणात त्याची सून शिंगाडे सोलत होती, तिनं ओंजळभर दिले. ते मी घेतलेही.

म्हणजे आता तू गावातही नाहीस. मी तुला फक्त पिक्चरमधून काढलं असतं तर एक वेळ ठीक होतं. मी तुला तुझ्या जोडीदाराच्या कानातून काढलं, बाबा. हे कोणत्या जन्मी फिटेल, मला माहीत नाही, आणि फिटेल असं वाटतही नाही. संध्याकाळी नटाला सांगितलं, तुम्हाला येते तशी मारा हाक. त्यानं मारली. सगळ्यांना आवडली. मी 'ओके' म्हटलं. जागेवरचा आवाज आता आम्ही नीट भरतो, जपून ठेवतो, दोन-दोन ठिकाणी ठेवतो. कोणासाठी ठेवते आहे, देव जाणे.

हे सगळं स्क्रिप्टच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलं आहे. उद्या त्याच पानांवरचे सीन घ्यायचे आहेत, म्हणून ती फाइलीतच राहतील. तुला कुठं पाठवणार? पण एक गोष्ट राहिली. तुझा पायलट मी पुसायच्या आधी ऐकला होता. स्टुडिओत एकटी होते, दार लावून, हेडफोन घालून. तिन्ही टेक ऐकले. जाळ्यातून पाणी ठिबकतं तेसुद्धा ऐकू येत होतं. तुझं छत्तीसगढी कोणालाही चाललं असतं, आणि नसतं चाललं तरी तुला डबिंगला बोलावता आलं असतं. स्टुडिओवाल्यानं विचारलंही होतं, "बाबूजी को बुला लें?" मीच म्हटलं, नको. तू माईकपुढे उभा राहून एकदा जरी 'मले' म्हणाला असतास, तर मी कुठली ते त्या सगळ्यांना पुन्हा आठवलं असतं. म्हणून पुसला. माझ्याच बोटानं.

तू जन्मभर पाण्यावर उभा राहिलेला माणूस. वारा कधी होता आणि कधी नव्हता, हे मी तुला सांगायचं? टॉकीजच्या बाहेर मी वाऱ्याचं नाव घेतलं तेव्हा तू वाऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस, झटकन चूक आपल्या अंगावर घेतलीस. त्या दिवशी तलावावर पानसुद्धा हालत नव्हतं, बाबा. आणि ते तुले माहीत होतं.