इतिवृत्तात नसलेला होकार

१० फेब्रुवारी, मंगळवार

राजधानीत सभागृह दीड वाजता भरलं. माझा प्रश्न चौथा होता. आमच्या गावच्या, कूगालुकच्या धावपट्टीवर हवामान सांगणारं माणूस कधी देणार? मंत्री उठले. "माननीय सदस्यांच्या प्रश्नाची नोंद घेतली आहे." बसले. नोंद घ्यायची ही चौथी खेप! नंतर समितीची बैठक. संध्याकाळी हॉटेलात सूप घेतलं, अर्धं टाकलं.

पद ऑक्टोबरपासून रिकामं आहे. म्हणजे ओलीपिका गेली तेव्हापासून. बावीस वर्षं ती दर तासाला धावपट्टीकडच्या खोपटातून बाहेर यायची, ढग किती उंच, नजर किती लांब पोचते ते बघायची आणि आत जाऊन विमानांना रेडिओवर सांगायची. मी सभागृहात तिचं नाव घेत नाही. "रिक्त पद" म्हणतो. बायकोला रिक्त पद म्हणणारा माणूस मी.

११ फेब्रुवारी

नीवीचा फोन. "बाबा, जेवलात?" म्हटलं, हो. मुलीशी खोटं बोललो.

१३ फेब्रुवारी

जोआनासीचा फोन. धावपट्टीवरचा बर्फ काढण्याचं काम त्याचं. ओलीपिकाचा धाकटा भाऊ, त्यामुळे मला टोचण्याचा त्याला जन्मजात हक्क.

"आमदारसाहेब, तिकडे चहात दूध मिळतं ना?"

"मिळतं."

"घ्या, घ्या. आमचं दूध काल डोक्यावरून दोन घिरट्या घालून परत गेलं. ढग खाली होते. किती खाली ते वरच्याला सांगणार कोण? मी हात हलवले. त्याला वाटलं असेल, या म्हणतोय की जा म्हणतोय!"

हसला. मग म्हणाला, "ताई असती तर उतरवलं असतं तिने." त्याने फोन ठेवला.

तिथलं हवामान मोजणारं यंत्र जानेवारीतच गोठलं. टपालाचं विमान नशिबावर तरी येतं. आजाऱ्याला न्यायचं विमान हवामानाच्या अहवालाशिवाय निघतच नाही, असा नियम आहे. आणि अहवाल फक्त प्रमाणपत्रवाल्याने द्यायचा. गावात साडेतीनशे माणसं, पाचवीतल्या पोराला विचारा, उद्या वारा कुठून येणार ते सांगेल. पण त्याच्याकडे कागद नाही!

१७ फेब्रुवारी

आज झालं!

प्रश्न साधा केला. "नवा माणूस तयार होईपर्यंत, या महिनाअखेर एक बदली माणूस पाठवणार का?" लेवीने कागद चाळले. लेवी म्हणजे मंत्री. पण मी त्याला सात वर्षांचा असल्यापासून ओळखतो. मग त्याने मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही भुवया वर केल्या.

हो!

वसतिगृहाच्या शाळेत आमची भाषा तोंडातून निघाली की छडी बसायची. लेवी आणि मी खुणांवर दिवस काढायचो. भुवया वर, हो. नाक मुरडलं, नाही. आमच्या घरी सगळे तेच करतात, पण बाईंना ते कधी कळलं नाही. आज पन्नास वर्षांनी तीच खूण, सभागृहात, सगळ्यांसमोर. मी "धन्यवाद, अध्यक्ष महोदय" म्हणालो आणि बसलो. दोन पुरवणी प्रश्न उरले होते. विचारले नाहीत. माणसाने हो म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे त्याचा अपमान.

संध्याकाळी गावच्या रेडिओवर फोन करून सांगितलं — मंत्र्यांनी कबूल केलंय, महिनाअखेर माणूस येतोय.

हॉटेलात पूर्ण जेवलो. घरून आणलेलं कॅरिबू हरणाचं सुकं मांस शिल्लक होतं, तेही खाल्लं.

१८ फेब्रुवारी

जोआनासी: "भाऊजी, आज घरोघरी तुमचं नाव! मोसेसीकाका म्हणाला, आमचा मुका आमदार बोलला एकदाचा." मोसेसीकाका आमच्या शेजारचे. ओलीपिका गेली त्या आठवड्यात रोज सकाळी दारात एक मासा ठेवून जायचे. दार वाजवायचे नाहीत.

२८ फेब्रुवारी

कोणी आलं नाही.

३ मार्च

खात्याचं पत्र. "असे कोणतेही आश्वासन सभागृहात देण्यात आलेले नाही. कृपया इतिवृत्त पाहावे."

इतिवृत्त मागवलं. माझा प्रश्न शब्द न् शब्द आहे. त्याखाली: "(उत्तर नाही.)" त्याखाली माझं धन्यवाद. ते मात्र छापलंय!

४ मार्च

लेवीला चहाच्या खोलीत गाठलं.

"भुवया वर केल्यास की नाही?"

"केल्या."

"मग?"

"अरे, तुझं म्हणणं पटलं म्हणून केल्या. माणूस मंजूर झाला म्हणून नाही. मला जे लिहून देतात ते मी वाचतो, पौलोसी. त्या दिवशी लिहून दिलेलं वाचवेना माझ्याने. तुझ्या तोंडावर कसं वाचू?"

"म्हणजे नाही लिहिलं होतं."

त्याने कपात साखर घातली. ढवळत राहिला.

"तू पुरवणी प्रश्न का टाकला नाहीस? तोंडाने वदवून घेतलं असतंस तर काहीतरी बोलावं लागलं असतं मला. हो बोललो असतो तर खातं बांधलं गेलं असतं. तू बसलासच!"

माझ्यावरच ओरडला! आणि ते खरं होतं.

ओलीपिका घरी माझ्यापेक्षाही कमी बोलायची. पण खोपटात गेली की आकडा न् आकडा खणखणीत, दोनदा. मी एकदा हसलो होतो. म्हणाली, "रेडिओला भुवया दिसत नाहीत." तिला कळलं होतं. मी अकरा वर्षं आमदार, मला कळलं नाही.

रेडिओवर जाऊन चूक सांगायला हवी. उद्या.

५ मार्च

सांगितली नाही.

८ मार्च, रविवार

मोसेसीकाका. छातीत दुखायला लागलं सकाळी दहाला. नर्सने अकराला विमान मागवलं. विमान राजधानीत तयार उभं, माझ्या हॉटेलापासून दोन मैलांवर. अहवाल नाही म्हणून निघालं नाही. मी विमानतळावर गेलो. वैमानिक पोरगेलासा. म्हणाला, "साहेब, मला जायचंय. मला सोडत नाहीत."

जोआनासी फोनवर. आज टोमणा नाही. "भाऊजी, इथे एक ढग नाही. पलीकडच्या टेकडीवरचे दगड मोजून देतो. सांगा त्यांना." मी सांगितलं. कोणाकोणाला सांगितलं नाही! लिहून घेणारा म्हणाला, "त्यांचा प्रमाणपत्र क्रमांक?"

चार वाजता काका गेले.

गावाला वाटत होतं, माणूस मंजूर झालाय, आज-उद्या येईल. मीच तसं सांगितलं होतं. नर्सने गुरुवारीच काकांना तपासलं होतं, टपालाच्या विमानाने जा म्हणाली होती. काका म्हणाले, आता माणूस येतोय, मग सावकाश जाईन. हे जोआनासीने सांगितलं. मला टोचायला नाही. नुसतं सांगितलं.

११ मार्च, बुधवार

आज दफन. आठवड्याचं विमान उद्याचं. जोआनासीने चर्चमध्ये फोन धरून ठेवला. भजन ऐकू आलं. शेवटी रेडिओवाल्याला फोन द्यायला सांगितला आणि बोललो. चूक माझी. मंत्र्यांनी तोंडाने काही म्हटलं नव्हतं, मी ऐकलं असं धरलं. पलीकडे कोणीतरी खोकलं. फोन बंद झाला.

१३ मार्च

प्रश्न विचारला. लेवीने नोंद घेतली. पहिला पुरवणी. नोंद घेतली. दुसरा पुरवणी विचारताना तिचं नाव घेतलं. "ओलीपिका, माझी पत्नी, ते काम करत होती. तिच्या जागी माणूस देणार, हो की नाही? मंत्र्यांनी तोंडाने सांगावं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघणार नाही." आणि खाली बघितलं.

मग लेवीचा आवाज: "नाही. या वर्षी नाही. प्रशिक्षणाची एक जागा आहे. तिला पात्र उमेदवार मिळालेला नाही."

इतिवृत्तात आलं, तपासलं. निदान "नाही" तरी छापलं.

पात्र म्हणजे बारावी, चांगलं इंग्रजी, दोन महिने घर सोडून दक्षिणेत राहता येणं. गावातल्या दोघी तयार होत्या, दोघींच्या कडेवर मुलं. जोआनासी गेला तर बर्फ कोण काढणार? आणखी कोण आहे? सगळी यादी डोक्यात फिरवली. बारावी झालेला, घरी वाट बघणारं कोणी नसलेला.

१४ मार्च

नीवीला फोन केला, प्रशिक्षणाच्या जागेला मीच अर्ज करतोय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही? रेडिओवर? तुम्ही?" आणि हसायला लागली. मग रडायला लागली.

९ सप्टेंबर

राजीनामा मंजूर झाल्याला पाच महिने झाले. दक्षिणेतल्या प्रशिक्षणाच्या वर्गात सगळी पोरं, एकविशीची. आज तोंडी परीक्षेत नापास. मास्तर म्हणाले, "पाहिलंत बरोबर. ऐकू आलं नाही." उद्या पुन्हा घेणार आहेत.

खोलीवर आलो. दार लावलं, खिडकी उघडली. इथे झाडं फार, आभाळ तुकड्यातुकड्यानेच दिसतं. ढग तीन हजार फुटांवर, तुटक. नजर पंधरा मैल. वारा पश्चिमेचा. खिडकीशी उभा राहून मोठ्याने वाचलं. आवाज फाटला. पाणी प्यायलो, पुन्हा वाचलं.